मुकादमाने बुजवलेल्या फटी

मुकादमाला सगळं गाव मुकादमच म्हणायचं. बायको तोंडावर 'अहो' म्हणायची आणि माघारी 'आमचे मुकादम'. ते नाव कधीच तोंडी न घेणारं माणूस एकच, त्याची थोरली बहीण. तिच्या लेखी तो 'बारक्या' होता. कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत येऊ न शकणारा हा धिप्पाड माणूस बहिणीच्या घरी गेला की बारक्या व्हायचा. ती अंगण झाडत असली आणि हा मध्ये उभा असला, की लहानपणी सांगायची तसंच ती अजूनही सांगायची, "बारक्या, पाय उचल." आणि हा मुकाट्याने उचलायचा.

त्याचं काम दगडाचं. समुद्रात बांध घालायचे, धक्के बांधायचे, लाटांनी ढासळलेल्या भिंती पुन्हा उभ्या करायच्या. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, त्याची एक सवय होती. दगडांचा थर पुरा झाला की म्हातारा त्यावरून चालत जायचा आणि दोन दगडांमध्ये जिथे जागा दिसेल तिथे मूठ घालून बघायचा. मूठ आत गेली तर तोंडाने काही बोलायचा नाही, नुसतं बोटाने थर दाखवायचा. म्हणजे उतरवा. दिवसभर घाम गाळून रचलेला थर ज्यांनी रचला त्यांनीच उतरवायचा. असा थर उतरवताना आमचा हा पठ्ठ्या उमेदवारीच्या काळात एकदा ढसाढसा रडलाही होता. पुढे स्वतः मुकादम झाल्यावर त्याने ती परीक्षा सोडली नाहीच, उलट कडक केली. स्वतःची मूठ फार मोठी, कुठेच जाणार नाही, म्हणून टोळीतला सगळ्यात किडकिडीत मजूर निवडून तो त्याची मूठ घालायला लावायचा. मजूर त्या किडकिडीत गड्याला शिव्या घालायचे. पण त्या टोळीने रचलेला दगड कधी हलला नाही, हेही तितकंच खरं.

आता गावाच्या किनाऱ्याची वाळू कमी होऊ लागली होती. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्याच हातात नव्हतं. वर नदीवर धरण झालं होतं, त्यामुळे नदी जी वाळू समुद्राला आणून द्यायची ती धरणातच बसून राहिली. जी खाली यायची ती ट्रकवाले पात्रातून उपसून इमारतींसाठी नेत होते. पलीकडच्या बंदरात मोठी जहाजं यावीत म्हणून तळ खणणं चालू होतं ते वेगळंच. समुद्राला मिळणारं सगळीकडून बंद झालं, तेव्हा तो किनाऱ्याकडेच हात घालणार. होड्या ओढून ठेवायला जागा उरेना, रस्त्याच्या कडेची फरशी खालून पोकळ झाली आणि गावाने कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. बऱ्याच खेट्यांनंतर बांध मंजूर झाला. किनाऱ्यापासून निघून सरळ समुद्रात घुसणारा लांब दगडी बांध. काम अर्थातच मुकादमाच्या टोळीकडे आलं.

कचेरीने देखरेखीला एक तरुण बाई पाठवली होती. सगळे तिला मॅडम म्हणत. बाई हुशार होती आणि तिला समजावून सांगायची हौस होती, जी साहेब लोकांत कमीच आढळते. तिने मुकादमाला वाळूवर बसवून काडीने चित्र काढून दाखवलं. वाळू एका जागी राहत नाही, लाटांच्या रेट्याने ती किनाऱ्याच्या कडेकडेने चालत असते, आणि इथली सगळी वाळू एकाच दिशेला चालते. बांध आडवा आला की ती अडेल आणि इथे साठेल.

"पण सगळी अडवायची नाही बरं का," मॅडम म्हणाली. "बांधाच्या शेपटाकडे, म्हणजे समुद्रातल्या टोकाला, दगड कमी उंचीचे ठेवायचे, सुटे ठेवायचे, मध्ये फटी सोडायच्या. थोडी वाळू त्यातून पुढे जाऊ दे. पुढेही किनारा आहे ना."

"हो मॅडम," मुकादम म्हणाला.

हो म्हणायला काय जातं. त्याने ऐकलं सगळं, पण मनात त्याचा वेगळाच हिशोब चालू होता. कचेरीची माणसं दगडाच्या बाबतीत हात आखडता घेतात हा त्याचा जुना अनुभव होता. दगड कमी पडणार असेल, म्हणून बाई गोड शब्दांत फटी सोडायला सांगतेय, असं त्याने ठरवून टाकलं. पुढे कुणाचा किनारा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. टेकडीचं टोक वळून पलीकडे गेलं की बहिणीची वस्ती होती. पण वाळू म्हणजे काय, समुद्रात ती कमी का आहे, असं त्याला वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं असतं.

काम शेपटापर्यंत आलं तेव्हा मॅडमची आई आजारी पडली आणि ती रजेवर गेली. इकडे काठावर दगडांचा ढीग अजून शिल्लक. मुकादमाने आधी सांगितल्याप्रमाणेच दगड टाकून पाहिले, सुटे, फटी ठेवून. टाकले आणि तो त्यांच्याकडे बघत बसला. सवयीने त्याने किडकिडीत गड्याला खूण केली. गड्याने फटीत मूठ घातली, तर हात कोपरापर्यंत आत गेला. टोळीतले सगळे हसले. मुकादमाला ते हसू फार लागलं. आयुष्यभर ज्याने मूठ आत जाऊ दिली नाही, त्याच्या बांधाच्या शेवटाला कोपर जातंय, आणि उद्या येणारा-जाणारा तेच बघणार.

"उतरवा," तो म्हणाला.

तो भाग त्यांनी उतरवला आणि नव्याने रचला, बाकीच्या बांधाइतकाच उंच, बाकीच्यासारखाच घट्ट. जाडजूड दगडांच्या मध्ये पाचर मारावी तसे लहान दगड ठोकून बसवले. कचेरीतून कुणी तसं सांगितलं नव्हतं. शिल्लक दगड सत्कारणी लागला आणि कचेरीला न मागता जास्तीचं काम मिळालं, याचा मुकादमाला आनंदच झाला.

उद्घाटनाला मोठे साहेब आले, फोटोवाला आला. मॅडमही रजेवरून परतली होती. ती शेपटापर्यंत चालत गेली, खाली बघत उभी राहिली आणि परत येऊन हळूच म्हणाली, "मुकादम, इथे फटी ठेवायच्या होत्या."

मुकादम भर गर्दीत होता, गळ्यात हार होता. तो म्हणाला, "मॅडम, फटी ठेवायला मुकादम कशाला लागतो?"

मोठे साहेब खो खो हसले. गाव हसलं. मॅडमही कसनुसं हसली आणि गप्प बसली, कारण मोठ्या साहेबांनी मुकादमाच्या पाठीवर थाप मारली होती. पुढे तिची बदली झाली. मुकादमाचं ते वाक्य मात्र गावात राहिलं. कुणी चांगलं काम केलं की लोक ते म्हणायचे. बहिणीच्या वस्तीपर्यंत ते पोचलं, आणि तिने तर ते शेजारणींना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. "आमच्या बारक्याने साहेबासमोर असं म्हटलं," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

बांधाने शब्द पाळला. वाळू साठायला लागली, आणि साठतच गेली. होड्या पुन्हा वर ओढल्या गेल्या. रस्त्याखालची पोकळी भरली. किनारा इतका रुंद झाला की शहरातले लोक सुट्टीला येऊ लागले आणि मुकादमाच्या मुलाने त्यांच्यासाठी खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. मुलगा आधी काही धड करत नव्हता, आता लग्न झालं, घराला हातभार लागला. मुकादम संध्याकाळी त्या वाळूवरून चालायचा तेव्हा लोक उठून बोलायचे. माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

बहिणीचं घर तिच्या नवऱ्याने बांधलेलं होतं. तो होड्या बांधणारा सुतार होता, फार कमी बोलणारा, आणि आता बरीच वर्षं झाली होती त्याला जाऊन. घराचं दार त्याने होडीच्या फळ्यांचं केलं होतं. अंगण थेट वाळूत उतरायचं, मध्ये ना कुंपण ना भिंत. अंगण कुठे संपतं आणि किनारा कुठे सुरू होतो हे फक्त तिच्या खराट्याच्या रेघांवरून कळायचं. ती रोज सकाळी झाडायची, जरा जास्तच पुढेपर्यंत झाडायची, आणि मुकादम चिडवायचा, "ताई, समुद्र झाडून काढणार आहेस का?"

पहिल्यांदा तिनेच हसत सांगितलं की अंगणाच्या पुढे पायरी पडली आहे. पुढच्या खेपेला मुकादमाने पाहिलं तर पायरी कुठली, चांगला गुडघाभर कडा झाला होता. खालची वाळू जाऊन काळी कठीण माती उघडी पडली होती. मग किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, मुळं वर करून. मग विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. "समुद्राला आता चहाला यायचंय माझ्याकडे," बहीण म्हणायची, आणि मुकादमाला त्या चहातही खारटपणा लागायचा. तो म्हणायचा की हे सगळीकडेच चाललंय, समुद्रच चढतोय. ते खोटं नव्हतं. पेपरातही तसंच येत होतं. पण समुद्र सगळीकडे चढत असेल तर आपल्या गावात तो मागे कसा जातोय, हा प्रश्न त्याच्या मनात यायचा, आणि तो विडी पेटवून दुसरीकडे बघायचा.

एका उधाणात तिचं निम्मं अंगण गेलं. त्यानंतर मुकादमाने जे केलं ते ऐकून लोक पुढे बरेच दिवस हसले. त्याने ओळखीचा टेम्पो आणला, आपल्या किनाऱ्यावरची वाळू फावड्याने पोत्यांत भरली आणि बहिणीच्या दारात नेऊन पोत्यांची भिंत रचली. हो, मूठ जाणार नाही अशीच रचली. दुसऱ्या खेपेला पोती भरताना गावातल्या होडीवाल्यांनी त्याला धरलं.

"मुकादम, वाळू चोरता होय? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"चोरतो कसली, ताईच्या दारात टाकतोय."

"मग आमच्या दारातली का? उद्या प्रत्येकाची ताई येईल."

किनाऱ्यावरची वाळू उचलायला बंदी आहे असा फलक तिथेच लावलेला होता, आणि तो खांब त्याच्याच टोळीने रोवलेला. टेम्पो रिकामा परत गेला. बहिणीच्या दारातली पोती पुढच्या भरतीला फाटली आणि वाळू आपल्या वाटेने निघून गेली. बहिणीने फाटकी पोती गोळा करून धुतली, वाळवली, घडी करून ठेवली. तिला काहीही टाकवत नसे.

मग मॅडम परत आली. आता ती मोठी अधिकारी झाली होती, चष्मा लागला होता, पण समजावून सांगायची हौस तीच. गावच्या सभागृहात तिने लोकांना बोलावलं. पलीकडच्या वस्तीची माणसं मागच्या बाकांवर बसली, त्यांत बहीण होती. मुकादम पुढे बसला होता, कारण त्याला नेहमीच पुढे बसवत.

मॅडमने भिंतीवर चित्र दाखवलं. आधीचा किनारा, आताचा किनारा. बांधाच्या अलीकडे फुगलेला आणि पलीकडे कुरतडलेला. ती म्हणाली, "चूक बांधाची एकट्याची नाही. वरून वाळूच कमी येतेय, ते धरण आणि तो उपसा मी इथे बसून थांबवू शकत नाही. पण जी येते ती तरी दोघांनी वाटून घ्यायला हवी. मूळ आराखड्यात बांधाच्या शेवटी फटी होत्या, त्या पलीकडच्या वस्तीसाठी होत्या. काम पुरं करताना त्या बुजवल्या गेल्या. माझा प्रस्ताव एवढाच आहे की शेपटाकडचे दगड उतरवायचे."

बुजवल्या गेल्या, असं म्हणाली. कुणी बुजवल्या ते नाही म्हणाली. बाईने झाकून नेलं होतं. पण गावाला झाकता कुठे येतं. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "फटी ठेवायला मुकादम कशाला लागतो?" आणि सवयीने सगळं सभागृह हसलं. पुढच्याच क्षणी ते गप्प झालं, कारण काय बोललो ते लोकांच्या लक्षात आलं.

मुकादमाने मान वळवून पाहिलं. बहीण त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती, आणि तिचे ओठ जरासे हलत होते, ते वाक्य ती मनात पुन्हा म्हणून पाहत असावी. इतकी वर्षं जे तिने हौसेने सांगितलं होतं ते. मुकादमाला वाटलं, तिने उठावं, चार लोकांत आपल्या थोबाडीत मारावी आणि विषय संपवावा. बहिणीने आपला चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

चर्चा झाली. गाव म्हणालं, आमचा किनारा पुन्हा गेला तर जबाबदार कोण? होड्या कुठे ठेवायच्या? धंदे कुणाचे बुडतील? ही माणसं दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. एकदा पायाखालची जमीन जाताना ज्याने पाहिली आहे, तो ती दुसऱ्यांदा स्वतःहून देत नाही. मॅडमने मुकादमाला विचारलं, "तुम्ही सांगा. दगड काढता येतील ना?"

मुकादम उभा राहिला. "येतील," तो म्हणाला. "काढायला हवेत. मी चुकलो."

"अहो, तुम्हीच तर सांगत होता, मुकादमाचा दगड हलत नाही म्हणून," होडीवाल्यांतला एक म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. मग प्रस्तावाला विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत असं झालं, आणि सभागृहभर हात वर गेले. मुकादमाचा मुलगा दाराजवळ उभा होता. तो जमिनीकडे बघत होता, पण त्याचा हात वर होता. त्याची बायको पोटुशी होती, खुर्च्यांवरच घर चाललं होतं. मुकादमाने ते पाहिलं आणि त्याला मुलाचा रागही येईना.

मॅडम म्हणाली, मी प्रस्ताव वर पाठवते. वर म्हणजे कुठे, आणि तिथून तो खाली कधी येतो, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मुकादम पहार घेऊन बांधावर गेला. शेपटापर्यंत चालत गेला, तिथे शेवाळावर पाय जपून टाकत खाली उतरला आणि पहारीचं टोक घालायला जागा शोधू लागला. जागाच नव्हती. त्याने दगडांवरून हात फिरवला, जिथे काळोखी दिसली तिथे मूठ लावून पाहिली. मूठ सोडा, बोटं जाईनात. आत ठोकलेले लहान दगड समुद्राने इतक्या वर्षांत आणखी आवळून टाकले होते आणि वर शिंपल्यांचा थर बसला होता. एके ठिकाणी त्याने टोक कसंबसं रुतवलं आणि सगळं अंग टाकून पहार दाबली. दगड हलला नाही. पहार सटकून त्याची बोटं सोलवटली. त्याने पुन्हा दाबली. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक, शर्ट घामाने आणि पाण्याने भिजून अंगाला चिकटला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या कामाला शिव्या देत होता, आणि शिव्या देतानाही त्याचा हात सांगत होता की काम उत्तम झालेलं आहे.

बायको चहाचा डबा घेऊन बांधावरून आली. तिने वरून बराच वेळ पाहिलं.

"अहो, चला आता घरी."

"एक हलला की बाकीचे हलतील," तो म्हणाला.

तिने डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि जपून खाली उतरली. तिने पहारीला आपलेही हात लावले. दोघांनी मिळून जोर केला. तिच्या हातात जोर तो कितीसा असणार, पण तिने दात ओठ खाऊन लावला. दगड तसाच. भरती चढायला लागली, पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं, तेव्हा तिने त्याच्या हातातून पहार काढून घेतली आणि त्याने ती काढू दिली. घरी जाताना चहा दोघांनीही प्यायला नाही.

बहिणीला तोंड दाखवायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी निरोप आला तो तिच्या शेजाऱ्याकडून. स्वयंपाकघराची भिंत गेली. मुकादम टेम्पो घेऊन धावला. जाऊन बघतो तर बहिणीने सामान आधीच रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं होतं, भांडी टोपलीत, कपडे त्या धुतलेल्या पोत्यांत. घराला एका बाजूने आकाश दिसत होतं. चुलीच्या जागेखाली लाट येऊन जात होती. तिच्या नवऱ्याने केलेलं ते दार मुकादमाने बिजागऱ्यांतून काढायला घेतलं.

"राहू दे," बहीण म्हणाली. "कुठे लावणार आहेस?"

"असू दे गं. नेऊ या."

"राहू दे म्हटलं ना. त्याला तिथेच राहू दे."

तिने फक्त दारामागचा खराटा घेतला. टेम्पोत ती पुढे बसली, खराटा मांडीवर आडवा धरून. वाटेत मुकादमाने बऱ्याचदा तोंड उघडलं. "ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं," असं शेवटी तो म्हणाला.

"मॅडमने सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

"मग ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, शाळेतल्या मुलाला पाढा दुरुस्त करून द्यावा तसं म्हणाली.

मुकादमाच्या बायकोने वन्संना आतली खोली दिली, तिथे उजेड चांगला होता. सुनेने त्यांच्यासाठी उशीला नवं कापड घातलं. सगळे इतकं जपून वागत होते की घरात कुणी आजारी आहे असं वाटावं. रात्री जेवताना मुलगा एकदाही आत्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकला नाही. बहीण मात्र जेवली, आमटी चांगली झालीय म्हणाली, आणि लवकर झोपली.

सकाळी मुकादमाला जाग आली तेव्हा तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि ती घरात नव्हती. अंगात शर्ट अडकवून तो अनवाणी बाहेर पडला, रस्ता ओलांडला, आणि किनाऱ्यावर येऊन थांबला.

ती बांधाजवळ होती, जिथे वाळू सगळ्यात रुंद आणि सगळ्यात पांढरी होती तिथे. वाकून ती झाडत होती. काड्या, प्लॅस्टिकचे तुकडे, बाटल्यांची झाकणं एका बाजूला ढीग करून ठेवली होती. मागे खराट्याच्या रेघा उमटत होत्या, एकसारख्या, जवळजवळ, बऱ्याच पुढेपर्यंत. मुलगा खुर्च्यांची चळत खांद्यावर घेऊन तिच्या समोर अवघडून उभा होता.

"आत्या, अगं इथे खुर्च्या लावायच्या आहेत मला."

"लाव की," ती मान वर न करता म्हणाली. "माझं अंगण तेवढं झाडून होऊ दे."

मुलाने चळत खाली ठेवली आणि बापाकडे पाहिलं. मुकादम चालत तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलावं, खराटा तिच्या हातातून घ्यावा म्हणून. पण दिवस उजाडत होता, वाळू थंड होती, आणि तिच्या झाडण्यात खंड पडत नव्हता. तो नुसता उभा राहिला. झाडत झाडत ती त्याच्यापर्यंत आली.

"बारक्या, पाय उचल," ती म्हणाली.

त्याने पाय उचलला.